बरडीवरचा वारा

२३ जानेवारी

सकाळपासून भाषणाची टिपणं. तेरवा ग्रामसभा. विषय एकच: गावामागच्या टेकडीवर कंपनीला पवनचक्क्या उभारू द्यायच्या की नाही. सरपंच प्रमोद घरी येऊन गेला. "मॅडम, तुमी बोलल्याशिवाय लोकं हात वर नाई करत." खुशामत आहे, कळतं. तरी दुसरा कप चहा दिला.

विरोधकांचं कारण ऐकून कपाळावर हात मारावा. म्हणे पंखे फिरले की ढग पांगतात आणि पाऊस दुसऱ्याच्या शिवारात जातो. हे कोणी अडाणी म्हातारं म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं. दौलतदादा म्हणतो! माझा सख्खा मोठा भाऊ. रोज पेपर वाचणारा. निवडणुकीचं गणित सगळ्या वस्तीला समजावून सांगणारा.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गेले. समजावलं. ढग कुठे, पंखा कुठे. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "बरं. पंखे फिरू दे अन् ढग पांगू दे. मंग तू पाड भाषणातून पाणी." शेवंता वैनी आतून हसली. मीही हसले. पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

२४ जानेवारी

निखिल आला होता, कंपनीचा इंजिनिअर. माथ्यावर जो मोजणीचा मनोरा आहे त्याची जबाबदारी याची. मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीला तीन वाट्यांची फिरकी आहे, ती वाऱ्याचा वेग मोजते. शेजारी दिशा दाखवणारं शेपूट. वर्षभर मोजल्याशिवाय काही ठरवता येत नाही, कारण मे महिन्यातल्या वावधनावर, त्या सोसाट्याच्या वाऱ्यावर भुलून कोणी पवनचक्की लावली तर ती हिवाळाभर नुसती उभी राहायची.

लोकांना सांगायचे मुद्दे:

घरच्या पंख्याला वीज दिली की तो वारा देतो. इथे उलटं. वारा द्यायचा, वीज घ्यायची. पाती फिरतात, पात्यांमागे आस, आसामागे दातेरी चाकांची पेटी जी सावकाश फेऱ्यांच्या जलद फेऱ्या करते, तिच्यामागे जनित्र. तिथून वीज खाली, रोहित्रात, तारांत. बस. जाळायचं काही नाही, उकळायचं काही नाही.

वारा पात्याला ढकलतो असं वाटतं. खरं म्हणजे ओढतो. घारीचा पंख जसा घारीला वर उचलून धरतो तसा.

वेग दुप्पट झाला तर वीज दुप्पट नाही, आठपट. म्हणून उंची. जमिनीजवळ झाडं, घरं, शेतांचे बांध-धुरे वाऱ्याला अडवतात. वर तो मोकळा असतो.

निखिल प्रामाणिक आहे. म्हणाला, "ही जागा फार उत्तम नाही, मॅडम. चालण्याजोगी आहे. वारा मध्यम आहे, म्हणून मनोरे उंच आणि पाती लांब घ्यावी लागतील. पातं दुप्पट लांब केलं की ते चौपट वारा कवेत घेतं." मध्यम वाऱ्यावर लांब हात. भाषणात चांगलं वाटेल.

२५ जानेवारी

वाचन: जुनी कात्रणं, दोन पुस्तकं पुन्हा. लक्ष लागत नाही.

औष्णिक केंद्राच्या वसाहतीतली ती वर्षं. दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर दुपारपर्यंत करडा थर. मधुकर कोळशाच्या विभागात. निवृत्तीनंतर मी त्याला माहेरच्या गावी घेऊन आले, मोकळी हवा म्हणून. मोकळी हवा समोर होती आणि त्याला आत घेता येत नव्हती. शेवटी शेवटी उशीला टेकून बसायचा, टेकडीकडे तोंड करून. गेला.

पवनचक्कीची बाजू मी का घेते याचं खरं कारण एवढंच आहे. ते भाषणात सांगायचं नाही. लोक रडतील, आणि रडून वर केलेला हात मला नको.

२६ जानेवारी

जिंकले.

झेंडावंदन झालं, मुलांची गाणी झाली, मग सभा. समोर टेबलाला ग्रामसेवक, तलाठी, तालुक्याहून आलेले साहेब, कंपनीचे दोघे. आधी साहेब बोलले, कोणाला काही कळलं नाही. मग लोक उठू लागले. एकामागून एक, सगळे आमच्या वस्तीतले, आणि सगळ्यांचं एकच: पाऊस जाईल.

मी उभी राहिले. समुद्राची वाफ कुठून निघते, ढग किती उंचावर असतो, त्याच्या पुढे आपला पंखा म्हणजे हत्तीच्या पायाशी मुंगी. लोक ऐकत होते. राखेचं सांगितलं, मधुकरचं नाव न घेता. धरणाचं पाणी वीजकेंद्र किती पितं ते सांगितलं आणि वाऱ्याला घोटभरही लागत नाही हे सांगितलं. मग ते वाक्य आलं. लिहून नेलं नव्हतं, तिथेच सुचलं:

"या टेकडीवर वाऱ्याशिवाय काही पिकत नाही. मग जे पिकतं ते तरी घेऊ द्या!"

टाळ्या. प्रमोद उभा राहून टाळ्या. हात वर झाले, ठराव झाला.

दादा मागे बसला होता. हात वरही नाही, विरोधातही नाही. टोपी झटकली आणि गेला. वैनी जाताना जवळून म्हणाली, "लै चांगलं बोल्ल्या बाई तुमी. तोंडात साखर पडो." चेहरा असा, की साखर की माती कळलं नाही.

२८ जानेवारी

भाषणाचा तुकडा फोनवर सगळीकडे. नेमकं तेच वाक्य. आष्टीहून एकाने फोन केला, आमच्याकडे या. आष्टीत बोलायचं म्हणजे बेचाळीस सालचा स्वातंत्र्यलढा आलाच, तिथली माणसं अजून तेवढ्याच ताठ मानेने ऐकतात. समुद्रपूरच्या वाचनालयाचंही बोलावणं.

खोटं कशाला लिहू, सुखावले आहे.

१७ फेब्रुवारी

समुद्रपूरला जाऊन आले. वर्ध्याहून जामची बस, जामला उतरून दुसरी.

जामच्या चौकाच्या अलीकडे गर्दी. बघते तर रस्त्याकडेला ट्रेलर आणि त्यावर पवनचक्कीचं एक पातं. एकच. चित्रात बघितलं होतं, आकडा वाचला होता, पण समोर बघणं वेगळं. पांढरं, एका टोकाला विहिरीएवढं तोंड, दुसऱ्या टोकाला निमुळतं होत गेलेलं. चालत गेले तर संपेना.

चहावाला खूश. "दोन दिवसापासून इथंच हाय मॅडम. वळणच नाई घेता येऊन राह्यलं त्याले. तिकडची झाडं कापू, खांब काढू, असं चालू हाय. पोट्टे फोटो काढून राह्यले, माहा चहा खपून राह्यला. राहू द्या म्हणा अजून आठ दिवस."

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्याच टिपणातलं एक वाक्य आठवलं: मध्यम वाऱ्यावर लांब हात. हा एवढा लांब हात आमच्या टेकडीवर चढणार कुठून? बैलगाडीच्या वाटेने?

वाचनालयातलं भाषण बरं झालं. लोक म्हणाले छान. मला माहीत आहे, माझं लक्ष नव्हतं.

२ मार्च

दादाच्या वावरात खुंट्या ठोकल्या आहेत. डोक्याला लाल रंग दिलेल्या लाकडी खुंट्या, दोन ओळी, पायथ्यापासून वळत वळत माथ्याकडे. मधे रुंद पट्टा. तो दादाच्या वावरातून जातो, पुढे वस्तीतल्या बाकीच्यांच्या वावरांतून जातो, आणि त्या उतारावर दुसऱ्या कोणाचं वावर नाहीच.

ही सगळी गायरानाची जमीन. सरकारी. आमच्या बापाने आणि त्याच्या बरोबरीच्या माणसांनी दगड वेचून वाहती केली. उतारावरची बरड, वीतभर माती, खाली मुरूम. तरी तूर येते, तीळ येतो, बऱ्या साली ज्वारी. मालकीचे पट्टे मागून माणसं म्हातारी झाली. कागदावर ते आजही अतिक्रमण आहे.

वैनी तुराट्या उपटत होती. दादा धुऱ्यावर बसलेला. मी विचारलं, आणि माझा आवाज चढला हे मान्य करते, "तुला ही भीती होती तर सभेत हे का नाही बोललास? पावसाचं काय घेऊन बसलास?"

त्याने विडी खुंटीच्या लाल डोक्यावर विझवली.

"समोर कोन बसलं होतं? तलाठी. सायब. त्याह्यच्या तोंडावर म्हनू, की सायब, आमी गायरान वाहून राह्यलो? थे म्हनन, बरं झालं तूच सांगतलं, आता खाली कर. म्हून पावसाचं बोललो. पावसाचं बोल्लं तं कोनी धरत नाई. सगळ्याहीनं ठरवून तसंच बोल्लो."

"मला घरी सांगायचं होतंस."

"तुले काय सांगू रत्ने? तू याच वावरातली तूर खाऊन शिकली."

वैनी तुराट्यांची पेंढी बांधत म्हणाली, "आमाले वाटलं, बाईले बोलल्याबिगर समजते."

५ मार्च

लिहायचं टाळत होते.

मी पावसाला उत्तर दिलं. भीतीला नाही. माझ्या समोर माझीच माणसं एकेक करून उठत होती, साध्या डोळ्यांना दिसावं इतकं ठरवून एकच खोटं बोलत होती, आणि मी त्यांचं अज्ञान दूर करत होते! शहाणी माणसं खुळ्यासारखं बोलू लागली की समजावं त्यांच्या मानेवर कोणाचा तरी हात आहे. हे वाक्य मी स्वतः किती सभांत वेगवेगळ्या शब्दांनी बोलले असेन.

आणि ते पिकण्याचं वाक्य. मला दादाचं वावर माहीत नव्हतं का? होतं. पण माझ्या डोक्यात टेकडी म्हणजे माथा. वारा माथ्यावर, मनोरा माथ्यावर, तिथे खरंच कुसळाशिवाय काही नाही. उतार म्हणजे वावर, टेकडी नव्हे. कंपनीच्या नकाशात मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच गट नंबर आहे. एका टाळीसाठी मी तो सगळा पडीक करून टाकला.

२० मार्च

वस्तीत नोटिसा. सरकारी जागेवरील अतिक्रमण. ठरलेल्या सालाच्या आधीपासून वहिती असल्याचा पुरावा द्या, नाहीतर जागा सोडा. सुनावणी जूनमध्ये.

पूर्वी तलाठी अतिक्रमणाचा दंड करायचा त्याच्या पावत्या असत्या तर त्याच पुरावा झाल्या असत्या. गुन्ह्याची शिक्षा हाच हक्काचा दाखला, असं हे राज्य. दादाच्या पावत्या छप्पर गळून लगदा झाल्या, बाकीच्यांच्याही अशाच गेल्या. आता साक्षीदारांचे जबाब. सगळे माझ्याकडे बघतात, कारण गावात वाढलेली, शिकलेली, निवृत्त शिक्षिका, माझ्या शब्दाला वजन.

प्रमोदकडे गेले. "तू काही कर."

"मॅडम, मी काय करू? कंपनीच्या वकिलानं तुमचाच व्हिडिओ लावला हाय फायलीले. गावातल्याच मान्यवर बाई म्हनून राह्यल्या का टेकडीवर काही पिकत नाई." मग जरा थांबून, "तुमी बोलता चांगलं. लोकाच्या लक्षात राह्यते."

याला टोमणा म्हणावा की कौतुक, त्यालाही ठाऊक नसावं.

१५ एप्रिल

काल जयंती. दरवर्षीप्रमाणे माझं भाषण. निळे झेंडे, मिरवणूक, भीमगीतं, सगळं दरवर्षीसारखं. मी जमिनीवर बोलायचं ठरवलं होतं. शिक्षण मिळालं, नोकऱ्या मिळाल्या, पण पायाखालची माती मिळाली का? सुरुवात चांगली झाली. आवाज लागला होता.

मागून एक म्हातारी, पारबताबाई, बसल्या जागेवरून म्हणाली, "रत्नमाला, टेकडीवर काय पिकते थे सांग आदी."

कोणी हसलं नाही. कोणी तिला गप्पही केलं नाही.

भाषण पूर्ण केलं. कसं ते आठवत नाही. दादाकडलं कोणी आलं नव्हतं.

१ मे

ग्रामसभेत दुरुस्ती मांडायची म्हणून रात्रंदिवस तयारी केली. मुद्दे पक्के होते. मी पवनचक्कीच्या विरोधात गेलेले नाही, जाणारही नाही. मनोऱ्याला जागा थोडीच लागते. दोन मनोऱ्यांमध्ये भरपूर अंतर सोडावं लागतं, नाहीतर पुढचा मागच्याचा वारा खातो. त्या अंतरात शेती होते, गुरं चरतात. जगात ठिकठिकाणी होते. जागा खाते ती क्रेनची आणि पात्यांची वाट. मग वाट दुसऱ्या अंगाने न्या. आधी वस्तीला पट्टे द्या, मग त्यांच्याकडून जागा रीतसर भाड्याने घ्या. वारा सगळ्यांचा, तर त्याची मिळकतही.

शेवटी सांगणार होते: वाऱ्यातली सगळी शक्ती कोणतंही यंत्र काढून घेऊ शकत नाही. निसर्गाचाच नियम. सगळी काढली तर वारा पात्याजवळच मरून पडेल, मागून नवा येऊच शकणार नाही. बराचसा वारा पुढे जाऊ द्यावाच लागतो, तेव्हा पंखा फिरतो. ज्याला घ्यायचं आहे त्याने सोडायलाही शिकलं पाहिजे.

माणसंच आली नाहीत. आमची वस्ती आली. बाकी गाव लग्नाला. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. ग्रामसेवकाने पंखा बंद केला, खुर्च्या उचलायला लागला. "मॅडम, फुडच्या टायमाले बोला."

वैनी दारात उभी. "मले सांगा बाई, काय बोलनार होत्या थे." चालता चालता सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "चांगलं हाय," म्हणाली. "पन थे आदी सांगाले पायजे होतं. आता आमाले सांगून काय फायदा? आमी तं सोडूनच राह्यलो."

२७ मे

नवतप्याचे कडक नऊ दिवस. अंगणात पाय ठेववत नाही. टेकडीवरून येणारा वारा भट्टीचा.

निखिल मनोऱ्यावरची माहिती उतरवायला आला. घरी बोलावलं. पन्हं दिलं. सरळ विचारलं, दुसऱ्या अंगाने वाट होते का?

"होते मॅडम. चढ तिकडे कमीच आहे."

"मग?"

"तिकडे सगळी खाजगी शेतं आहेत. एकेकाशी बोलावं लागेल, विकत घ्यावी लागतील. इकडे एकच मालक, सरकार." ग्लास खाली ठेवला. "मी वारा मोजतो. जमिनीचं काम दुसरी माणसं बघतात."

"तू बघतोस तो वारा कोणत्या जमिनीवरून येतो?"

त्याने लॅपटॉप पिशवीत घातला. चांगला मुलगा आहे, म्हणूनच राग आला. वाईट माणसांवर चिडायला सोपं जातं. ही सगळी चांगली माणसं आहेत, प्रत्येकाकडे आपापलं टेबल आहे, आणि त्या टेबलांच्या मधल्या फटीतून माझा भाऊ खाली पडतो आहे.

जाताना म्हणाला, मोजणी चांगली आली आहे. पावसाळ्याचे चार महिने वारा भरवशाचा. त्या दिवसांत ऊन कमी असतं, सौरऊर्जा मंदावते, तेव्हा हाच वारा भर काढतो. मला माहीत होतं. एरवी आनंद झाला असता.

तरीही लिहून ठेवते, उद्या मन फिरलं तर वाचायला: वारा निर्दोष आहे. कोळशाकडे परत जाणं हे उत्तर नाही. मधुकरला मी विसरणार नाही. पण राख नाही, धूर नाही म्हणून हात स्वच्छ झाले असं नाही.

१० जून

सुनावणी परवा.

दादा आला. कित्येक महिन्यांनी माझ्या घरी. खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्यातच टेकला.

"रत्ने, एक आयकतं काय माहं?"

"बोल ना दादा."

"परवा तिथं भाषन नको देजो. इचारलं तेवढंच सांगजो. हो तं हो, नाई तं नाई."

"दादा, मुद्दा नीट मांडला नाही तर..."

"पाह्य, सुरू झाली." हसला. किती दिवसांनी. "तुले माहीत नाई, तू बोलाले लागली का समोरचा मानूस आमाले इसरून जाते. तुह्याकडेच पाहत राह्यते."

चहाला थांबला नाही. पाऊस एकदा शिंपडून गेला आहे, त्याला तुरीचं बी टोबायचं आहे. म्हटलं, खुंट्यांच्या मधे? म्हणाला, "काऊन? थे काय वावर नोहे?"

१२ जून

तालुक्याला कचेरीत. व्हरांड्यात आमची सगळी वस्ती, धुतलेले कपडे, भाकरीची फडकी. आत एकेकाला हाक.

दादाने सांगितलं ते दोन वाक्यांत संपलं. माझं वावर. माझ्या बापाने काढलं. पुरावा? नाही.

मग मी. साहेब सभ्य. "बसा मॅडम. आपलं भाषण ऐकलंय मी." कंपनीच्या वकिलाने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. माझाच आवाज. त्या आवाजात किती खात्री आहे! टाळ्या आल्या तशी मी मान खाली घातली.

"हे आपणच?"

"हो."

"टेकडीवर काही पिकत नाही, हे आपलं विधान?"

"हो. चुकीचं आहे."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

सांगायला सगळं तयार होतं. माथा आणि उतार, गट नंबर, टाळी, पाऊस, बाप, दगड. दादा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता.

"हो. खोटं बोलले. उतारावर माझ्या लहानपणापासून शेती आहे. मी त्या वावरात निंदण केलेलं आहे."

वकील म्हणाला, साक्षीदार या वहितीदाराची सख्खी बहीण आहे, हेही नोंद व्हावं. झालं नोंद. साहेबांनी पेन ठेवलं. "मॅडम, तुम्हीच सांगा. भर सभेत अख्ख्या गावासमोर बोललेलं धरू, की भावाच्या सुनावणीत बोललेलं?"

विचारलं तेवढंच सांगायचं होतं. याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं.

निकाल राखून ठेवला.

परतीच्या बसमध्ये दादा शेजारी बसला. तिकीट दोघांचं त्यानेच काढलं.

२४ जून

निकाल आलेला नाही. जेसीबी आला आहे.

कंत्राटदार म्हणतो, पावसाआधी वाट मोकळी करून ठेवायची होती, उशीरच झाला, ठराव आहे, नकाशा आहे. मी विचारलं, आदेश कुठे आहे? म्हणाला, येईल. फोन केले, सगळ्यांना. जो तो दुसऱ्याचा नंबर देतो. तक्रार लिहून दिली, तिची पोच घेतली.

पण परवापासून लागून पाऊस. टेकडीच्या पायथ्याशी काळ्या मातीची पट्टी आहे, बरड तिच्या वरच्या अंगाला सुरू होते. जेसीबी त्या पट्टीत उतरला आणि चाकं पोटापर्यंत गेली. काढायचा प्रयत्न केला तसा आणखी रुतला. आता तिथेच आहे, पिवळा, तोंड टेकडीकडे.

वस्ती ओट्यावर बसून बघते. पारबताबाई म्हणाली, "पड रे बाबा, पड. चार महिने असाच पड." पोट्टे टाळ्या पिटतात. दादाची तूर टोबून झाली आहे. बाकीच्यांचीही.

३० जून

काल पाऊस थांबला. आज कडक उघाड, आणि सकाळपासून नैऋत्येचा वारा. तोच, भरवशाचा. अंगणातली साडी तासाभरात वाळली.

निकाल नाही. तालुक्याला फोन केला, साहेब बैठकीत.

दुपारी वैनीबरोबर पायथ्याशी गेले. ऑपरेटर आला होता, यवतमाळकडचा, पोरसवदा नाही, चांगला पोक्त माणूस. काळ्या मातीत काठी खुपसून बघत होता. काल गुडघाभर जात होती म्हणाला, आज टीचभर. आमच्यावर राग नाही त्याचा. वैनीला म्हणाला, "काकू, मले तं सांगतलं तेवढंच करा लागते." तिने त्याला प्यायला पाणी दिलं.

वर वावरात गेलो. तूर उगवली आहे. दोन-दोन पानं, ओळीत, खुंट्यांच्या या बाजूला आणि त्या बाजूला. जिथे उगवलं नाही, खांडण्या पडल्या, तिथे दादा पुन्हा बी टाकत होता. मी त्याच्या मागे बसून टाकू लागले. बोटं विसरलेली नाहीत. त्याने एकदा मागे बघितलं, म्हणाला, "जरा खोल टाक. वाऱ्यानं वरची माती सुकते." मी खोल टाकलं.

वैनी खाली बघत होती. पदर डोक्यावर ठरत नव्हता, इतका वारा.

"बाई, तुमी तं वाऱ्याचं सगळं वाचलं हाय. कवा पडन हा?"

मी बी टाकत राहिले. दादा पुढच्या खांडणीकडे सरकला. खाली इंजीन सुरू करून बघितल्याचा आवाज आला, थोडा वेळ चाललं, मग बंद झालं.